घासाआधीचे आभार

कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांच्या घरात लग्न निघाले, कुणी आजारातून उठले किंवा नवस फेडायचा झाला की मलिदा होतो. भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओले खोबरे आणि वेलदोड्याची पूड, ताटाच्या कडेने फळे. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, याचे गीत म्हटले जाते. पण फळ तोंडात टाकण्याआधी त्याची ब्राखा, म्हणजे आभाराचे वचन, म्हणावी लागते आणि तीही सरसकट एकच नाही. खजुराला झाडाच्या फळाची, केळ्याला मात्र जमिनीच्या पिकाची. एकदा घड दिला की केळीचे खोड संपते, म्हणून यहुदी शास्त्र तिला झाड मानत नाही. कोकणातल्या बागायतदाराला हे वेगळे समजावायला नको.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? तालमूद या यहुदी धर्मग्रंथाचे म्हणणे रोखठोक आहे: ब्राखा न म्हणता जगातले काही उपभोगणे म्हणजे देवाची वस्तू लाटणे. म्हणून दिवसाला 100 ब्राखांचा दंडक. पाणी पिताना, वीज चमकल्यावर, अगदी शौचाहून आल्यावरसुद्धा. शरीरातले एखादे द्वार बुजले किंवा नको ते उघडले तर माणूस जगणार नाही, याची ती आठवण. वाचून हसू येईल. लघवी अडून रात्र काढलेल्याला येणार नाही.

मागण्यालाही मर्यादा आहे. सुमारे इ. स. 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात एक प्रसंग आहे. गावाकडे परतणाऱ्याच्या कानी आक्रोश पडतो आणि तो म्हणतो, हे माझ्या घरातले नसो. ही प्रार्थना व्यर्थ, असा निर्णय. घडायचे ते घडून गेलेले असते. शिवाय हे मागणे म्हणजे आग शेजाऱ्याकडे ढकलणेच नव्हे का?

उभ्याने म्हणायच्या रोजच्या 'अमिदा' प्रार्थनेत आरोग्य, पीकपाणी, क्षमा सारे 'आम्हाला' म्हणून मागितले जाते. मृत आईबापांसाठी कद्दिश ही प्रार्थना म्हणायची तर परंपरेने दहा प्रौढ पुरुष हजर लागतात. म्हणजे एकाच्या दुःखासाठी नऊ जणांनी वेळ काढायचा. 1948 नंतर बेने इस्रायलींपैकी बहुतेक जण इस्रायलला गेले, आणि कोकणातल्या छोट्या सिनेगॉगांत, म्हणजे प्रार्थनामंदिरांत, हे दहा जमवणे अवघड झाले. तिथे एकाची दांडीही सगळ्यांना भोवते.

योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, दिवसभर उपास करून, छातीवर मूठ आपटत पापांची कबुली दिली जाते. तीही 'आम्ही' म्हणून. मात्र माणसाचे माणसाशी बिनसलेले असेल तर या प्रार्थनेने भागत नाही. दुखावलेल्याची समजूत आधी काढावी लागते. 12व्या शतकातल्या मैमोनिदीस या यहुदी धर्मपंडिताने त्याची रीतच घालून दिली आहे: दुखावलेल्याने क्षमा नाकारली तर त्याचे तीन स्नेही सोबत घेऊन जावे, तरी ऐकले नाही तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तरीही तो अडून बसला, तर पाप त्याच्या खात्यात.