जुन्नरच्या डोंगरातलं विमान लढाईतलं नव्हतं

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात जुन्या विमान अपघाताचा विषय निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतंच, "अहो, ते लढाईतलं विमान होतं, पाडलेलं." कुणी त्याला इंग्रजांचं बॉम्बफेकी विमान ठरवतं, कुणी जपान्यांचं, तर कुणी थेट पाकिस्तानचं. ही गोष्ट गडवाटांवर सांगितली जाते आणि पुढे मोबाइलवरून फिरत राहते. आता ती ऐकली की चीड येते. त्या अपघाताची रीतसर चौकशी झालेली आहे, कारण नोंदलेलं आहे, आणि त्यात 94 माणसांचा जीव गेलेला आहे.

ते विमान होतं इटलीच्या अलितालिया कंपनीचं, फ्लाइट 771. डग्लस डीसी-8 जातीचं चार इंजिनांचं प्रवासी जेट. सिडनीहून रोमला निघालेल्या या विमानाचे वाटेत बँकॉक, मुंबई, कराची, तेहरान असे टप्पे होते. बँकॉकहून मुंबईकडे येताना रात्रीच्या वेळी ते जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. अपघाताची नोंदलेली तारीख 7 जुलै 1962. विमानात 85 प्रवासी आणि 9 कर्मचारी होते. एकही वाचला नाही.

आता 'लढाईतलं' म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं : कुठल्या लढाईतलं? दुसरं महायुद्ध संपलं 1945 मध्ये, आणि डीसी-8 पहिल्यांदा उडालं 1958 मध्ये. गोवा मुक्त झाला डिसेंबर 1961 मध्ये. चीनचं आक्रमण झालं ऑक्टोबर 1962 मध्ये, तेही इथून फार दूर हिमालयात. पाकिस्तानशी युद्ध पेटलं 1965 मध्ये. जुलै 1962 मध्ये या डोंगरांवर कुणी कुणाचं विमान पाडत नव्हतं.

गैरसमज कुठून आला असेल, याचा अंदाज बांधता येतो. पुण्याचा लोहगाव तळ जवळ आहे, आणि गोव्याच्या कारवाईत दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी कॅनबेरा विमानं पुण्याहूनच उडाली होती. लष्करी विमानांचा आवाज या भागाला नवा नाही. शिवाय डग्लस हे नावही घोटाळा करणारं. याच कंपनीचं डाकोटा विमान महायुद्धात सैन्य वाहत होतं आणि ऑक्टोबर 1947 मध्ये त्यानंच आपले जवान श्रीनगरला पोचवले. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर 'डग्लस' दिसलं की लगेच युद्ध आठवतं. पण कंपनी तीच असली तरी विमान वेगळं आणि काळही वेगळा.

मग ते पडलं कशानं? भारतातल्या चौकशीचा निष्कर्ष स्पष्ट आहे. दिशा-अंतराचा अंदाज चुकल्यामुळे वैमानिकाला आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असं वाटलं, आणि सरळ धावपट्टीकडे जाण्यासाठी त्यानं विमान वेळेआधीच खाली आणायला सुरुवात केली. नेमकं ठिकाण तपासण्यासाठी हाताशी असलेली साधनं वापरली गेली नाहीत, सुरक्षित उंचीची मर्यादा मोडली गेली आणि मार्गाखालच्या डोंगराळ प्रदेशाची पुरेशी ओळख नव्हती, असंही अहवाल सांगतो. अहवालात 'दवंड्याची' म्हणून नोंदलेल्या टेकडीला विमान सुमारे 3,600 फूट उंचीवर धडकलं.

हा आकडा सह्याद्रीच्या उंचीशी ताडून पाहा. भीमाशंकर समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून वर आहे, ढाकोबा चार हजारांहून वर. अपघाताची जागा मुंबईपासून सुमारे 84 किलोमीटर, म्हणजे उतरत्या जेटला दहा-बारा मिनिटांचा पल्ला. कोकणाच्या सपाटीवर जी उंची पुरेशी ठरते, तीच घाटमाथ्यावर जीवघेणी होते. त्यात जुलैची रात्र. पावसाळ्यात इथले कडे दिवसासुद्धा ढगांत बुडालेले असतात, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वैमानिकाला समोर डोंगर दिसण्याची शक्यता जवळजवळ नव्हती.

"एवढं आधुनिक विमान आपोआप डोंगराला कसं धडकेल?" हा पुढचा प्रश्न असतो. चांगल्या स्थितीतली विमानं डोंगराला धडकणं ही त्या काळी जगभरातली मोठी समस्या होती. 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाचं बोइंग 707 माँ ब्लाँवर आदळलं. डॉ. होमी भाभांसह 117 जण गेले. त्यालाही घातपाताच्या कथा चिकटल्याच. डिसेंबर 1974 मध्ये वॉशिंग्टनजवळ एक विमान असंच वेळेआधी उतरून डोंगरावर आपटलं आणि 92 जण मेले. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र अमेरिकेतल्या मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचं झालं ते त्यानंतर. 1962 च्या वैमानिकाकडे ते नव्हतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

डोंगरातलं चुंबक विमान ओढून घेतं. बेसॉल्ट खडकात चुंबकीय गुण किंचित असतो, त्यानं होकायंत्र जागेवर थोडं हलेल. पण विमानाचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही.

विमानात सोनं होतं, ते अजून डोंगरात आहे. मालाचा हिशोब कागदावर असतो. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झालेल्या 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर खरंच सोन्याच्या विटा होत्या. तशी नोंद होती, आणि पुढे गाळ काढताना विटा सापडल्याही. जुन्नरच्या खजिन्यामागे नुसती ऐकीव गोष्ट आहे.

भारतात युद्धकाळातली पडकी विमानं नाहीतच. आहेत, पण ती शोधायची ईशान्येत. चीनला रसद पोचवणारी शेकडो विमानं महायुद्धात आसाम-अरुणाचलच्या डोंगरांवर आणि त्यांपलीकडे कोसळली. पासीघाटला 2023 मध्ये त्यांचं संग्रहालय उघडलं.

पडलेलं विमान बेवारस असतं, हवं ते घरी न्यावं. अजिबात नाही. अवशेष हा चौकशीचा पुरावा असतो, आणि लष्करी विमानात न फुटलेला दारूगोळाही असू शकतो. 7 फेब्रुवारी 1968 ला रोहतांगच्या परिसरात हरवलेल्या हवाई दलाच्या एएन-12 मधल्या चौघांचे मृतदेह सप्टेंबर 2024 मध्ये, 56 वर्षांनी, सापडले. जुनं म्हणून ते कुणी सोडून दिलं नव्हतं. काही कुटुंबं अजूनही वाट पाहत होती.

गोष्ट रंगवून सांगायला माझा विरोध नाही. पण 'पाडलं होतं' म्हटलं की दोष अदृश्य शत्रूवर जातो आणि शिकण्यासारखं काही उरत नाही. चुकलेला अंदाज, न तपासलेलं ठिकाण, मोडलेली उंची या तीन गोष्टींनी 94 जीव घेतले, आणि तिन्ही टाळता येण्याजोग्या होत्या. जुन्नरच्या शाळेत, गडावर, घरी हा अपघात सांगताना या तीन गोष्टी आवर्जून सांगा.