हँडल कोण फिरवणार?

आजचे युग संगणकाचे आहे, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ विचारण्याचे भानही राहत नाही. संगणक हिशेब करतो, पत्र लिहितो, चित्र दाखवतो, हे समजण्यासारखे आहे. पण तो लोखंड कसे कापतो? कला शाखेच्या विद्यार्थिनीला ही चौकशी कशाला, असे कुणी म्हणेल. परंतु माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये गेली बावीस वर्षे मिलिंग मशीन चालवतात, आणि आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यांच्या हातातले हँडल आणि माझ्यासमोरचा संगणक यांचे नाते काय, हा प्रश्न मला टाळता येण्यासारखा नाही. तो समजावा म्हणून या लेखात मी एक छोटे उदाहरण घेतले आहे. अनेक देशांतील हौशी माणसे आपल्या घरच्या लहानशा मिलिंग यंत्राला संगणक जोडतात. ते कसे, ते पाहू.

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार जागेवर असते. मिलिंगमध्ये याच्या उलट. येथे कटर फिरतो आणि व्हाइसमध्ये घट्ट धरलेला जॉब टेबलासह त्याच्याखालून सरकतो. टेबल डावी-उजवीकडे सरकवण्यासाठी एक हँडल, पुढे-मागे नेण्यासाठी दुसरे आणि कटर खाली-वर करण्यासाठी तिसरे. या तीन दिशांना एक्स, वाय आणि झेड अशी नावे आहेत. टेबलाच्या हँडलामागे लांब स्क्रू असतो. हँडल फिरले की स्क्रू फिरतो आणि नटाला बांधलेले टेबल सरकते. हौशी लोकांत शांघायच्या सीग कंपनीचे एक्स-२ हे टेबलावर मावणारे यंत्र विशेष प्रसिद्ध आहे.

रूपांतराचे पहिले काम म्हणजे हँडल काढून तेथे मोटर बसवणे. ही मोटर पंख्याच्या मोटरीसारखी गरगर फिरत नाही. तिला स्टेपर मोटर म्हणतात, कारण ती पावलापावलाने फिरते. नेहमीच्या स्टेपर मोटरीचा एक फेरा २०० पावलांत पुरा होतो. विजेचा एक ठोका मिळाला की एक पाऊल, म्हणजे १.८ अंश. स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका पावलात ते ०.०२५ मिलिमीटर सरकेल. हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी आहे. एक्स-२ वर कटर खाली-वर करण्यासाठी मुळात दातेरी पट्टी असते. रूपांतर करणारे बहुधा ती काढून तेथेही स्क्रू बसवतात.

ठोके देणारा संगणक अगदी साधा चालतो. तो आकड्यांची एक भाषा वाचतो. तिला जी-कोड म्हणतात. समजा, टेबल शून्यावर उभे आहे आणि संगणकाला ‘जी०१ एक्स२० एफ१००’ एवढी एक ओळ दिली. तिचा अर्थ, ‘मिनिटाला १०० मिलिमीटर वेगाने सरळ रेषेत २० मिलिमीटरच्या खुणेपर्यंत जा.’ संगणक हिशेब करतो: २० मिलिमीटर म्हणजे चार फेरे, म्हणजे ८०० पावले, आणि तीही १२ सेकंदांत. ते ठोके तो ड्रायव्हर नावाच्या विद्युत-मंडलाकडे पाठवतो आणि ड्रायव्हर मोटर फिरवतो. हा हिशेब करणारी आज्ञावली विकतच घ्यावी लागते असे नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात तयार झालेल्या आज्ञावलीतून पुढे ‘लिनक्ससीएनसी’ वाढली, आणि ती आज कुणालाही विनामूल्य मिळते.

एवढे वाचून वाटेल की मोटर बसवली, तारा जोडल्या, काम संपले. खरी अडचण पुढेच आहे. साध्या स्क्रूत आणि नटात थोडी फट असते. वर्कशॉपमध्ये तिला ‘प्ले’ किंवा ‘बॅकलॅश’ म्हणतात. हँडल उलट फिरवले की आधी ही फट भरते आणि मगच टेबल हलते. वडिलांना मी हे वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “त्यात काय? माप नेहमी एकाच बाजूनं गाठायचं.” त्यांच्या हाताला जे ठाऊक आहे ते संगणकाला ठाऊक नसते. शिवाय कटरचे दात ज्या दिशेने जातात त्याच दिशेने जॉब सरकवला, तर कटर जॉबला ओढून घेतो आणि फटीएवढी उडी टेबल अचानक घेते. कटर मोडतो तो अशा वेळी. म्हणून रूपांतर करणारे लोक साधा स्क्रू काढून बॉल-स्क्रू बसवतात. त्याच्या नटात पोलादी गोळ्या असतात व फट जवळजवळ उरत नाही. हाताचे शहाणपण असे लोखंडात बसवावे लागते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. साध्या रचनेत स्टेपर मोटर आपली खबर परत देत नाही. भार जास्त होऊन तिची पन्नास पावले चुकली, तरी सर्व ठीक आहे असे समजून संगणक पुढे कापत राहतो. यंत्राचा आवाज बदलला हे शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच कळते.

या कल्पनेचा जन्मही हँडलापाशीच झाला. १९४० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याच्या वक्ररेषेवरील बिंदूंचे आकडे त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन यांनी आयबीएमच्या हिशेबयंत्रावर काढले. मग एक माणूस आकडे वाचून दाखवी आणि दोघे जण एकेक हँडल तेवढे फिरवीत. पुढे १९५२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. हँडलावरची माणसे गेली, आकडे उरले.

पण तेव्हा आणखी एक वाट उघडी होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने काढलेल्या पद्धतीत कुशल कारागीर एक जॉब हाताने कापी, त्याच्या हालचाली फितीवर नोंदल्या जात आणि पुढचे जॉब त्या फितीवरून निघत. ही पद्धत मागे पडली. विमानाचे अवघड भाग हाताने कापून नोंदवणे कठीण होते, हे खरेच. परंतु इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४ च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात म्हटले आहे की, कारागिराच्या हातातील सत्ता कचेरीत नेण्याची व्यवस्थापनाची इच्छाही त्यामागे होती. म्हणजे यंत्र कसे असावे, हा प्रश्न केवळ विज्ञान शाखेचा नाही. तो इतिहासाचा आणि अर्थशास्त्राचाही आहे.

छोट्या यंत्राचे महत्त्व मला येथे दिसते. ज्याने घरी रूपांतर केले, तोच चित्र काढतो, तोच आकडे लिहितो, तोच जॉब बांधतो आणि कान देऊन उभा राहतो. कचेरी आणि हँडल यांच्यातली भिंत तेथे नाही. “मग हँडल फिरवणाऱ्यानं काय करायचं?” असे वडिलांनी मला विचारले होते. नोकऱ्यांचा प्रश्न हौशी यंत्राने सुटणार नाही, हे मी जाणते. पण ‘एफ’ पुढचा आकडा किती असावा हे पुस्तक फार तर अंदाजाने सांगते. या धातूला, या कटरला, या यंत्रावर किती सोसेल, हे ज्याने वर्षानुवर्षे हँडल फिरवले त्यालाच नेमके सांगता येते. आकड्यांची ही भाषा अवघड नाही. ती अशा माणसांना त्यांच्याच भाषेत शिकवणारे मात्र थोडे आहेत. रात्री जेवणे झाल्यावर मी आता वहीत ओळी मांडते. ‘एफ’ची जागा मोकळी ठेवते, आणि तेथला आकडा वडील सांगतात.