ऐकलेले मनात राहावे म्हणून

एखाद्याची पुरती वाताहत झाली की आपण मराठी माणसे 'त्याचे पानिपत झाले' असे सहज म्हणतो. बदलीच्या निमित्ताने पानिपतला आल्यावर ध्यानात आले, की १७६१ नंतरही हे गाव थांबले नाही. आज ते ब्लँकेट, चादरी आणि गालिच्यांसाठी ओळखले जाते. नैराश्याने ग्रासलेल्या मनाला मात्र आपला पराभवच तेवढा आठवत राहतो.

हे मी एका सहकाऱ्याच्या बाबतीत जवळून पाहिले. (त्याच्या संमतीनेच हे लिहीत आहे.) मानसोपचारासाठी मी त्याच्यासोबत जात असे. परतताना विचारावे, "आज काय बोलणे झाले?" तर उत्तर येई, "चांगले होते, पण आठवत नाही." तिसऱ्या भेटीनंतर तो म्हणाला, "माझ्यावर उपचारही वाया जातात. आता जाणे नको."

उपचारतज्ज्ञांना हे सांगितले, तेव्हा उलगडा झाला. विसरणे हा त्याचा दोष नव्हता. तो आजाराचाच भाग होता. नैराश्यात एकाग्रता कमी होते. झोप बिघडलेली असेल, तर नवे शिकलेले मनात नीट रुजत नाही. शिवाय मन दुःखद आठवणी चटकन पुढे करते व आशादायक गोष्टी मागे सारते. मानसोपचार म्हणजे तर विचार करण्याची व वागण्याची नवी रीत शिकणे. धडाच आठवला नाही, तर तो आचरणात कसा येणार?

अमेरिकेतील बर्कले येथील प्राध्यापिका अ‍ॅलिसन हार्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी स्मरणास साहाय्य करणारे आठ मार्ग मांडले आहेत. महत्त्वाच्या मुद्द्याकडे लक्ष वेधणे, मुद्द्यांचे गट पाडणे, त्यांचे फायदे-तोटे तपासणे, ते स्वतःच्या प्रसंगाला लावून पाहणे, उजळणी, रुग्णाने स्वतः आठवून सांगणे, खुणेची चिठ्ठी आणि आठवल्याबद्दल कौतुक, हे ते मार्ग होत.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. 'संगत' या संस्थेच्या प्रयोगात प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा उपचार दिला. दोन भेटींच्या मधल्या काळात घरी करावयाच्या छोट्या कृतींना त्यात महत्त्वाचे स्थान होते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आशादायक ठरले.

माझ्या सहकाऱ्याने एक छोटी वही केली. भेट संपण्यापूर्वी शेवटची पाच मिनिटे तो त्या दिवसाचे दोन मुद्दे स्वतःच्या शब्दांत लिहू लागला. त्यांतील एक वाक्य डब्याच्या पिशवीत ठेवलेल्या चिठ्ठीवर असे. घरचे लोक 'आठवले का?' अशी परीक्षा न घेता, 'काल तू काय सांगत होतास?' असे प्रेमाने विचारीत. आपल्या व्यवसायात व्यवहाराची नोंद त्याच दिवशी होते. उद्यावर ठेवली की घोळ होतो. मनाच्या हिशेबालाही हा नियम लागू पडावा!

त्याचे उपचार अजून चालू आहेत. काही दिवस अवघड जातात. पण परवा परतताना मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "आज काय शिकलो, सांगू?"

आपल्या घरी किंवा कचेरीत असे कोणी असेल, तर त्याला 'विसरभोळा' म्हणू नका. वही आणून द्या, सोबत जा. 'टेली-मानस' ही शासकीय सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.