तांब्याच्या गावातला आंबट घास

बालाघाट जिल्ह्यातले मलाजखंड देशाला ठाऊक आहे ते तांब्याच्या खाणीमुळे. भोवतालच्या रानाची श्रीमंती मात्र वेगळी. थंडीत आवळे-बोरे, उन्हाळा सरताना करवंदे-जांभळे. सहा महिन्यांच्या बाळाला वरचे अन्न सुरू झाले की घरोघरी प्रश्न पडतो : हे आंबट त्याला सोसेल का?

सोसते, आणि उपयोगीही पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) मध्य प्रदेशातील सहा महिने ते पाच वर्षांच्या ७२.७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्यानंतर पुरत नाही. डाळी आणि पालेभाज्यांतले लोह आतडी सहज शोषत नाहीत. आंबट फळांतले क जीवनसत्त्व ते शोषण्याजोगे करते. म्हणून वरण-भातात थोडा आवळा कालवावा.

खरी भीती बियांची आणि गोल आकाराची. अख्खे जांभूळ किंवा बोर श्वासनलिकेत अडकू शकते. जांभळाची बी काढून गर कुस्करावा, बोराची साल-आठळी काढावी, करवंद पूर्ण पिकलेलेच घ्यावे, चीक धुऊन गाळणीतून गाळावे. आवळा थोडाच वेळ वाफवून मऊ करावा, कारण फार शिजवल्यास क जीवनसत्त्व घटते. सुरुवात अर्ध्या चमच्याने, एका वेळी एकच नवे फळ, मग दोन-तीन दिवस थांबावे. साखर-मीठ घालू नये. वर्षाच्या आत मध तर मुळीच नको. त्यातून बॉटुलिझमचा धोका असतो.

भांडेही महत्त्वाचे. आंबटाने तांबे-पितळ विरघळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३ मध्ये बाळांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजाराचा संबंध तांब्याचा अंश उतरलेल्या दुधाशी असू शकतो, असे मांडले. हे दूध बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत तापवलेले असे. ती भांडी स्वयंपाकघरातून गेली, तसा तो आजारही जवळपास नाहीसा झाला. बाळाची वाटी स्टीलचीच हवी.

ओठांभोवतीची लाली बहुधा आम्लामुळे असते, पुसल्यावर ओसरते. अंगभर गांधी, वारंवार उलटी किंवा धाप दिसली तर तातडीने दवाखाना गाठावा.

बाळ तोंड वेंगाडेल. आंबटाला नवजात बाळही तसेच करते. तो नकार समजू नये. जबरदस्तीही नको. तेच फळ वेगवेगळ्या दिवशी आठ-दहा वेळा पुढे केले, तर बहुतेक बाळे ते आपलेसे करतात.