आभासी यंत्रांचे आज्ञाधारित नियंत्रण व निरीक्षण : 'लिबव्हर्ट'चे उदाहरण

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालविता येतात. मात्र त्यांची संख्या वाढताच प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे हाताळणे जिकिरीचे होते. २००५ पासून विकसित होत गेलेली 'लिबव्हर्ट' ही मुक्तस्रोत लायब्ररी झेन, केव्हीएम आदी भिन्न प्रणालींना समान आज्ञा देण्याची सोय करते. 'विर्श' हे तिचे आज्ञा-साधन असून हीच कार्ये सी अथवा पायथॉन भाषेतील प्रोग्रॅममधूनही करता येतात.

येथे आज्ञांचा नेमका अर्थ जाणणे अगत्याचे आहे. 'शटडाउन' ही केवळ विनंती होय. आतील ऑपरेटिंग सिस्टीम ती दुर्लक्षू शकते. म्हणून आज्ञा यशस्वी झाली याचा अर्थ यंत्र बंद झाले असा होत नाही. 'डिस्ट्रॉय' या आज्ञेने डिस्क पुसली जात नाही. परंतु वीजपुरवठा तोडल्याप्रमाणे यंत्र तत्काळ थांबते व न साठविलेले काम नष्ट होऊ शकते.

यास्तव प्रोग्रॅमने प्रथम विनंती करावी, 'डॉमस्टेट'द्वारे स्थिती ठराविक अंतराने तपासावी आणि मुदत संपल्यावरच सक्तीचा उपाय योजावा. प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांचे काम सुरक्षित राहणे या क्रमावर अवलंबून असते. सारांश, निरीक्षणाविना नियंत्रण अपुरेच ठरते.