श्वानपालनाचा संकल्प

जुन्या मराठी घरात कुत्रा पाळावा की नाही, असा प्रश्न सहसा कोणी कोणाला विचारीत नसे. दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर धावणारा कुत्रा ज्या समाजाने देव्हाऱ्यात पाहिला, त्याच्या दारात एखादा मोती किंवा वाघ्या असायचाच. मात्र तो दारातच असे. उंबरठ्याच्या आत त्याला मज्जाव होता. शिळ्या भाकरीवर त्याची गुजराण चाले आणि त्याबदल्यात तो रात्रीची राखण करी. पुढे वाडे गेले, सदनिका आल्या, आणि कुत्रा उंबरठा ओलांडून दिवाणखान्यात आला. त्याची मोकळीक तेवढी बाहेर राहिली. आता तो सर्वस्वी घरातील माणसांच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. म्हणूनच त्याला आणण्यापूर्वी त्या वेळापत्रकाची झडती घेणे अगत्याचे ठरते.

मध्यम आकाराचा कुत्रा साधारणतः बारा-तेरा वर्षे जगतो. पाचवीतल्या मुलाने हट्ट धरून आणलेले पिल्लू तो मुलगा पदवीधर होऊन परगावी नोकरीला जाईपर्यंत घरात असते. मग त्याचे मोतीबिंदू, त्याची सांधेदुखी आणि अपरात्री ओली होणारी सतरंजी आईवडिलांच्या वाट्याला येते. हट्ट मुलाचा, हौस वडिलांची आणि पहाटेची साखळी आईच्या हाती, अशी ही वाटणी अनेक घरांत न बोलता ठरून गेलेली असते. ती आधीच बोलून ठरवलेली बरी. पती-पत्नी दोघेही शाळेत किंवा कचेरीत जाणारी असतील, तर दहा ते सहा हा काळ कुत्र्याने कसा घालवावा, याचेही उत्तर हवे. कुत्रा हा कळपाने राहणारा जीव आहे. एकटा कोंडला गेला की तो भुंकतो, दाराची चौकट कुरतडतो, आणि शेजारी तक्रार घेऊन येतात. गृहनिर्माण संस्थांना कुत्री पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. परंतु नियमाने मिळणारी मुभा निराळी आणि शेजाऱ्यांचा लोभ निराळा.

जातीची निवड हा खरे तर यानंतरचा प्रश्न. व्यवहारात तो आधी सोडवला जातो आणि तोही छायाचित्र पाहून. २००३ साली एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे फिरणारा पग दिसला आणि शहरोशहरी पगला मागणी आली. त्या चपट्या नाकाची किंमत मात्र जाहिरातीत कोणी सांगितली नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकून, नाकातोंडातील ओलाव्याचे बाष्पीभवन करूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो. जिथे नाकच आखूड करून ठेवले आहे, तिथे हे काम कसे व्हावे? पगचे जे घोरणे पाहुण्यांना गोजिरे वाटते, ती पुष्कळदा श्वासाची ओढाताण असते. नागपूरच्या मे महिन्यात ती त्याच्या जिवावर बेतू शकते.

कोणत्याही जातीचे कूळ शोधू लागले की शेवटी एखादे काम आणि एखादे हवामान हाती लागते. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषधी लस घेऊन सुमारे १,०८५ किलोमीटरचा बर्फाळ मार्ग कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी साडेपाच दिवसांत कापला. त्या गाड्यांपैकी काहींना सायबेरियन हस्की जुंपलेले होते. त्या हस्कीला आज तिसऱ्या मजल्यावर, वातानुकूलित खोलीत, बारा महिने दुहेरी लोकरीचा कोट घालून बसावे लागते. अल्सेशियनची कथा वेगळी नाही. स्टेफानिट्झ या जर्मन लष्करी अधिकाऱ्याने १८९९ पासून ही जात घडवली, ती मेंढ्यांचे कळप हाकणाऱ्या कुत्र्यांतून. त्याच्या बुद्धीला दिवसभर काम हवे असते. ते न मिळाल्यास तो स्वतःच काम शोधतो आणि मग टपालवाल्याची पंचाईत होते. लॅब्रॅडोर स्वभावाने गरीब खरा, पण खादाड. त्याच्या या भुकेमागे काही कुत्र्यांत एक जनुकीय दोष असल्याचे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले. लाडाने बिस्किटे भरवणाऱ्या घरात तो लवकरच लठ्ठ होतो.

यावर स्वदेशीचा पुरस्कर्ता कारवानचे नाव घेईल. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या कोरड्या पठारावरचा हा सडपातळ शिकारी कुत्रा, मुधोळचा म्हणून ओळखला जाणारा, २००५ साली टपाल तिकिटावरही झळकला. उन्हाची त्याला तमा नाही. पण तो नजरेने सावज हेरून धावणारा प्राणी आहे. त्याला मोकळे रान लागते. लातूरकडच्या शेतकऱ्याला तो शोभतो, डोंबिवलीच्या कारकुनाला नव्हे.

मग त्या कारकुनाने कोणता कुत्रा आणावा? गल्लीतला, आणि शक्यतो वाढलेला. आपल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले त्याचे शरीर सहसा काटक असते. वाढलेल्या कुत्र्याचा आकार आणि स्वभाव पुष्कळसा डोळ्यांसमोर असतो; पिल्लाचा अंदाज बांधावा लागतो. अनोळखी मुले, सायकली, फटाक्यांचा आवाज यांपुढे तो कसा वागतो, हे आठ दिवसांत कळते. रेबीजची लस आणि पुढे दरवर्षीची मात्रा, निर्बीजीकरण, महापालिकेचा परवाना हे सोपस्कार त्यालाही चुकत नाहीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो रोग बहुधा प्राणघातकच ठरतो, तेव्हा इथे चालढकल नको. जातिवंत पिल्लूच हवे असेल, तर निदान आठ आठवड्यांच्या आतले घेऊ नये. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनी तशा विक्रीस मनाईच केली आहे. पिल्लाची आई दाखवायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडून काढता पाय घ्यावा.

तरीही मनाचा निश्चय होत नसेल, तर सुट्टीत गावी जाणाऱ्या शेजाऱ्याचा कुत्रा दोन आठवडे सांभाळून पाहावा. ही परीक्षा शक्यतो आषाढात द्यावी. पहाटे साडेपाचला पावसाची झड लागलेली असते, कुत्रा दाराशी उभा असतो, आणि घरातले कोण उठते ते पाहायला मिळते.