शिष्यवृत्ती येईपर्यंतच्या महिन्यांचा हिशेब

गणेशपुरी : तानसा नदीकाठची गरम पाण्याची कुंडे आणि स्वामी नित्यानंदांची समाधी यांमुळे भाविकांना परिचित असलेल्या गणेशपुरीत शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की भिवंडीकडे जाणाऱ्या एसटीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची गर्दी वाढते. भोवतालच्या आदिवासी पाड्यांतील आणि मजूर कुटुंबांतील अनेक मुलांचे पुढील शिक्षण शिष्यवृत्तीच्या भरवशावर अवलंबून असते. पुस्तके, प्रवास आणि परीक्षा अर्जाचा खर्च मात्र आधीच दारात उभा राहतो. पैसे हक्काचे, पण त्यांची तारीख अनिश्चित, अशा या मधल्या काळातील हिशेबच पुष्कळदा शिक्षण टिकणार की सुटणार, हे ठरवतो.

उशीर कशामुळे?

महाडीबीटी संकेतस्थळावर भरलेला अर्ज प्रथम महाविद्यालयाकडे पडताळणीसाठी व नंतर संबंधित विभागाकडे मंजुरीसाठी जातो. त्यापुढे निधी उपलब्ध व्हावा लागतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के वाटा असावा, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. राज्याचा हिस्सा दिला गेल्याखेरीज केंद्राचा हिस्सा सुटत नाही. एका टेबलावर अर्ज अडला, की पुढील सर्व टप्पे लांबतात.

रक्कम किती, हेही आधीच जाणून घ्यावयास हवे. २०२१ मधील सुधारित दरांनुसार या योजनेत कला, वाणिज्य, विज्ञान यांसारख्या पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला शुल्काव्यतिरिक्त वर्षाला ३,००० रुपये शैक्षणिक भत्ता मिळतो. वसतिगृहात राहणाऱ्यास ६,००० रुपये. घरून ये-जा करणाऱ्याचा प्रवास, पुस्तके व किरकोळ खर्च महिन्याला १,५०० रुपये धरला, तर वर्षाचा भत्ता अवघ्या दोन महिन्यांना पुरतो. म्हणूनच वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना शिष्यवृत्ती जमेला न धरता खर्च लिहावा. ती आली, की आधी उसनवारी फेडावी.

शुल्काचे पैसे आपले नव्हेत

केंद्राच्या हिश्श्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते व ती ७ दिवसांत महाविद्यालयात भरणे अपेक्षित असते. खात्यावर एकदम मोठी रक्कम दिसली, की घरातील अडचणीला ती वापरण्याचा मोह होतो. पुढे निकाल वा दाखल्याच्या वेळी तीच थकबाकी समोर येते. पैसे येताच शुल्क व भत्ता यांची वहीत फोड करणे, हाच यावरचा साधा उपाय.

उसने घेताना

घरात पैसा नसला, की ओळखीच्या सावकाराची आठवण होते. ५,००० रुपये दरमहा शेकडा पाच दराने घेतले आणि शिष्यवृत्तीला आठ महिने लागले, तर व्याजच २,००० रुपये होते, म्हणजे वर्षाच्या भत्त्याचा दोन तृतीयांश हिस्सा. राज्यात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवाना सक्तीचा आहे. शेतकरी नसलेल्या कर्जदाराच्या विनातारण कर्जाला वार्षिक १८ टक्क्यांची कमाल मर्यादा ठरविण्यात आली. त्या दराने हेच व्याज ६०० रुपये भरते. आई बचत गटाची सदस्य असेल, तर गटाचे कर्ज आधी पाहावे. तेथील व्याज निदान गटाच्याच निधीत राहते.

कर्जापूर्वी सवलतींचा विचार व्हावा. एसटीच्या विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत असून, बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत मिळतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत तिच्यातून भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. अन्य ठिकाणी रक्कम कमी आहे. यासाठी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी संपर्क साधावा लागतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण विभागाची स्वाधार योजना अशाच स्वरूपाची आहे.

भिवंडी परिसरातील गोदामांत रोजंदारी मिळू शकते. मात्र, कामापायी वर्ग बुडून हजेरी ७५ टक्क्यांखाली गेल्यास शिष्यवृत्तीच धोक्यात येते. रयत शिक्षण संस्थेत कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रुजविलेली 'कमवा आणि शिका' योजना अनेक महाविद्यालयांत चालते. वर्ग सांभाळून मिळणारे असे काम अधिक हिताचे.

खात्याकडे लक्ष

मंजूर झालेली रक्कम कित्येकदा खात्याच्या दोषामुळेही अडते. थेट लाभाचे पैसे ज्या एका बँकेशी आधार क्रमांक जोडलेला असतो, तेथेच जातात. नवे खाते उघडताना ही जोडणी तिकडे वळली, तर विद्यार्थी जुन्याच खात्याचे पासबुक तपासत बसतो. जोडणी कोणत्या बँकेत आहे, हे अर्जापूर्वीच विचारून घ्यावे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा, अर्जाची छापील प्रत जपावी आणि दर पंधरवड्याला अर्जाची स्थिती पाहावी. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त न केल्यास पूर्ण वर्षाची शिष्यवृत्ती हातची जाऊ शकते.

शिष्यवृत्ती ही मेहेरबानी नसून हक्क आहे. तो वेळेवर मिळावा, ही जबाबदारी शासनाची. तोवर वर्ग सुटू नये आणि कर्ज डोईजड होऊ नये, एवढे मात्र घरच्या वहीतल्या हिशेबाने साधता येते.